टेप, चार आकडे आणि एक भागाकार: ओपीडीत फॅटी लिव्हर कसं ओळखायचं

फॅटी लिव्हरचा रुग्ण बहुधा फॅटी लिव्हरसाठी येत नाही. गुडघे दुखतात म्हणून येतो, बीपीची गोळी संपली म्हणून येतो, नाहीतर मुतखड्यासाठी कधीतरी काढलेली सोनोग्राफी पिशवीतून बाहेर काढून विचारतो, "डॉक्टर, यात लिव्हरला सूज लिहिलीय, ते काय?" पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नव्याने रुजू झालेले मेडिकल ऑफिसर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि नुकता दवाखाना थाटलेले फॅमिली डॉक्टर यांना त्या प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं, यासाठी हा लेख.

मुद्दा पहिल्यालाच सांगतो. लिव्हरमध्ये चरबी आहे की नाही, यावर फार वेळ घालवू नका. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसात ती असण्याचीच शक्यता जास्त. तुम्हाला शोधायच्या आहेत त्या दोन गोष्टी: या माणसाची साखर, बीपी, रक्तातली चरबी यांपैकी काय काय बिघडलंय, आणि लिव्हरमध्ये वण धरायला, म्हणजे फायब्रोसिस व्हायला, सुरुवात झालीय का. फॅटी लिव्हरचे बहुतेक रुग्ण लिव्हरने दगावत नाहीत, हृदयविकाराने दगावतात. ज्यांना लिव्हरचा खरा धोका असतो ते थोडे असतात, आणि त्यांचा चेहरा बाकीच्यांसारखाच दिसतो. तो धोका फायब्रोसिसने ठरतो, चरबीच्या प्रमाणाने नाही.

नाव बदललंय, एवढं माहीत असू द्या

जुन्या रिपोर्टांत फॅटी लिव्हरसाठी एनएएफएलडी (नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज) दिसेल. २०२३ मध्ये ते नाव बदलून एमएएसएलडी झालं, कारण आधीचं नाव "दारूमुळे नसलेला" एवढंच सांगत होतं, कशामुळे ते सांगत नव्हतं. आता व्याख्या सरळ आहे: लिव्हरमध्ये चरबी, सोबत चयापचयाच्या बिघाडाची किमान एक खूण, आणि चरबीचं दुसरं कारण नाही. आपल्याकडे २०२१ पासून हा आजार केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे. म्हणजे बीपी-शुगरच्या ज्या रांगेत तुम्ही बसता, तीच याचीही रांग.

मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाचा एकत्रित बिघाड, पाचांपैकी तीन खुणांवर ठरतो. कंबर पुरुषांत ९० सेंमी किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. बीपी १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा वर. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आजचा आकडा चांगला आला तरी ती खूण धरायची. "बीपी नॉर्मल आहे" म्हणून खूण सोडून देणं ही नवख्यांची नेहमीची चूक. गोळीमुळे नॉर्मल आहे ते.

पायरी पहिली: टेप

पाचांपैकी हीच खूण फुकट मिळते आणि हीच सर्वांत वाईट मोजली जाते. "पँट कितीची घालता?" हे कंबर मोजणं नव्हे. पँट पोटाच्या खाली सरकलेली असते. ३४ ची पँट घालणाऱ्याचं पोट १०२ सेंमी भरू शकतं.

रुग्णाला उभं करा, पाय थोडे फाकवून, हात बाजूला सैल. बाजूने चाचपत सर्वांत खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. बेंबी हा खुणेचा दगड नाही, सुटलेल्या पोटात ती खाली ओघळते. टेप चहूबाजूंनी जमिनीला समांतर, पाठीमागे वर चढलेला नको. मागे जाऊन एकदा बघाच. कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतका घट्ट. "श्वास सोडा" म्हणा आणि साधा श्वास बाहेर गेला की वाचा. टेप दिसला की माणसं पोट आत ओढतात, पुरुष जरा जास्तच. बोलतं ठेवा, म्हणजे पोट आपोआप सुटतं.

साडीवरून मोजायचं तर परकराची नाडी आणि निऱ्यांची गुंडाळी मध्ये येते आणि तीन-चार सेंमी सहज वाढतात. पडद्याआड, नर्स ताईंच्या मदतीने नाडी सैल करून टेप पातळ कापडावर किंवा कातडीवर घ्या. कापडी टेप वर्षभराच्या वापरात ताणला जातो. महिन्यातून एकदा लोखंडी पट्टीशी ताडून बघा. गरोदरपणात आणि पोटात पाणी झालेलं असताना हा आकडा निरर्थक.

आशाताईंनी घरोघरी भरलेला सीबॅक फॉर्म (असंसर्गजन्य आजारांच्या धोक्याची यादी) हाताशी असेल तर कंबर त्यात असतेच. त्यात बायकांसाठी ८० आणि ९०, पुरुषांसाठी ९० आणि १०० असे टप्पे आहेत, आणि एकूण गुण ४ च्या वर गेले की त्या व्यक्तीला आधी बोलवायचं असतं. फॉर्म बघा, पण टेप पुन्हा लावा.

वजनकाट्यावर मात्र विसंबू नका. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, असा माणूस आपल्या ओपीडीत रोज येतो. आशियाई लोकांसाठी बीएमआयची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली आहे, ती याच कारणाने.

टेप गुंडाळता गुंडाळता मान आणि काखा बघून घ्या. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा असेल तर तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. घासून घासून मान सोलवटून घेतलेल्या मुली येतात. त्यांना पाळी नियमित येते का तेही विचारा.

पायरी दुसरी: बीपी

पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटं वर दिसतं, आणि हे सगळे रुग्ण जाड दंडाचेच. घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा हवा. १३०/८५ ही सिंड्रोमची खूण आहे, गोळी सुरू करायची रेघ नव्हे. १३२/८६ ला खूण मोजा, मीठ आणि वजनाचं बोला, आणि पुन्हा मोजायला बोलवा.

पायरी तिसरी: रक्त

उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम, आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेटसह). एवढ्यात काम होतं. "उपाशी" म्हणजे किमान आठ तास, आणि चहासुद्धा नाही. "फक्त कपभर चहा घेतला" हा उपास नाही, त्यात साखर आणि दूध दोन्ही आहे.

साखरेचं रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड नळीत घ्या. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के आकडा घसरतो. सकाळी आठला काढलेलं रक्त दहाला लॅबमध्ये पोचलं तर १०८ ची साखर ९५ च्या आसपास दिसेल, आणि तुमची एक खूण हरवेल. बोट टोचून केलेली तपासणी चाळणीला ठीक, निदानाला नाही.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) वापरत असाल तर हिमोग्लोबिन आधी बघा. लोहाच्या कमतरतेत ते उगाच वर जातं. सिकलसेलमध्ये त्याच्यावर विसंबताच येत नाही, बहुधा खोटं कमी येतं. नंदुरबार, गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यावर दोन तासांची साखरच धरावी.

रिपोर्टावर छापलेल्या "नॉर्मल रेंज"ने फसू नका. एचडीएलपुढे बऱ्याच लॅब स्त्री-पुरुष दोघांना ४० हीच मर्यादा छापतात. बाईचं ४४ आलं की ठळक अक्षर उमटत नाही, पण खूण लागू होते. एसजीपीटीचंही तेच. लॅबची वरची मर्यादा ४५ किंवा त्याहून जास्त असते. निरोगी पुरुषात ते साधारण ३३ च्या आत आणि बाईत २५ च्या आत असायला हवं. आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल असूनही फायब्रोसिस पुढे गेलेलं असू शकतं. "एन्झाइम ठीक आहेत, घरी जा" हे वाक्य कितीतरी रुग्णांची वर्षं खाऊन बसलंय.

पायरी चौथी: दारूचा हिशेब

"घेता का?" असं विचारलं की उत्तर "कधीतरी" येतं. "काय घेता, किती घेता, कोणत्या वारी?" असं विचारा, आवाजात न्यायाधीश न आणता. बायकांनाही विचारा. बायको शेजारी बसली असेल तर तिला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगा, किंवा काही घरांत उलट करा: तिलाच विचारा.

मिळालेल्या उत्तराचे ग्रॅम करायचे. मिलिलिटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी गुणिले ०.८, भागिले १००. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर म्हणजे जवळजवळ ४२ ग्रॅम. "बीअरच घेतो फक्त" याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आठवड्याला पुरुषात २१० ग्रॅमच्या आणि बाईत १४० ग्रॅमच्या आत असेल तर चयापचयाचा फॅटी लिव्हर म्हणता येतो. त्यापुढे पुरुषात ४२० आणि बाईत ३५० पर्यंत दोन्ही कारणं मिळून, आणि त्याच्याही वर दारूचा लिव्हरविकार. "रोज नाही हो, फक्त शनिवार-रविवार दोन-दोन क्वार्टर" म्हणणारा आठवड्याला २४६ ग्रॅमवर असतो, मधल्या गटात. रोज रात्री एक क्वार्टर घेणारा ४३१ वर, शेवटच्या गटात. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर सांगितलेला हिशेब पुन्हा विचारा.

सोनोग्राफीचं काय

ग्रेड १, २, ३ हा चरबीचा अंदाज आहे, फायब्रोसिसचा नाही. ग्रेड १ वाल्याला सिरॉसिसकडे, म्हणजे वणांनी कडक होण्याकडे, झुकलेलं लिव्हर असू शकतं आणि ग्रेड ३ वाल्याला फायब्रोसिसचा मागमूस नसू शकतो. उलट, लिव्हर कडक होत जाताना चरबी कमीच होते. थोडी चरबी, म्हणजे वीसेक टक्क्यांखालची, सोनोग्राफीत बऱ्याचदा सुटून जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी "ग्रेड कमी झाली का" बघायला सोनोग्राफी लावण्यात रुग्णाचे पैसे जातात आणि निर्णय काही बदलत नाही. रिपोर्टात प्लीहा मोठी, लिव्हरची कड खडबडीत किंवा पोटात पाणी असं काही लिहिलंय का, ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पायरी पाचवी: फिब-४

सगळ्या लेखाचा गाभा हा भागाकार आहे: वय आणि रक्ताचे तीन आकडे यांवरून फायब्रोसिसचा अंदाज. टाइप २ मधुमेहाच्या प्रत्येकाचा, लठ्ठपणासोबत आणखी एखादी खूण असलेल्याचा, सोनोग्राफीत चरबी दिसलेल्याचा आणि एसजीपीटी सतत वर असलेल्याचा फिब-४ काढायचा. सोनोग्राफी झालेली नसली तरी अडत नाही.

वय गुणिले एसजीओटी हा वरचा आकडा. प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ हा खालचा. वरच्याला खालच्याने भागा.

उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांची बाई, गुडघेदुखीसाठी आलेली. उंची १५२, वजन ६८, कंबर ९१. बीपी १३८/८६. साखर १०८, ट्रायग्लिसराइड १७२, एचडीएल ४४. पाचांपैकी पाच. एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.६० लाख. वर ५२ गुणिले ४८, म्हणजे २४९६. ६४ चं वर्गमूळ ८. खाली १६० गुणिले ८, म्हणजे १२८०. उत्तर १.९५.

इथे ठेच लागते ती प्लेटलेटला. लॅब कधी १.६० लाख लिहिते, कधी १६००००, कधी नुसतं १६०. सूत्रात १६० घालायचे. १.६ घातले तर उत्तर १९५ येईल आणि १६०००० घातले तर ०.००२. असे आकडे दिसले की लिव्हर नव्हे, एकक चुकलंय.

१.३ च्या खाली: आत्ता मोठं फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर: शक्यता बरीच, थेट तज्ज्ञाकडे. मधले: फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. वय ६५ किंवा जास्त असेल तर खालची रेघ १.३ ऐवजी २.० धरा, नाहीतर वयामुळेच सगळे म्हातारे मधल्या गटात जातात. पस्तिशीच्या आत या सूत्रावर फारसा भरवसा ठेवू नका.

तापात फिब-४ काढायचा नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं; दोन्ही मिळून धडधाकट लिव्हरचा फिब-४ ही चार-पाचावर जाईल. ताप जाऊन रक्त पूर्वपदावर आलं की काढा. यंत्राने मोजलेल्या प्लेटलेट गुठळ्या झाल्यामुळे खोट्या कमी येतात. अनपेक्षित कमी आकडा आला तर लॅबला काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळलेल्याचं किंवा दिवसभर ऊसतोड केलेल्याचं एसजीओटी स्नायूंमुळेही वर असतं.

फायब्रोस्कॅनला जाताना तीन तास पोटात काही नको. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं: ८ च्या खाली दिलासा, ८ ते १२ मध्ये तज्ज्ञाचा सल्ला, १२ च्या वर नक्की पाठवायचं. यंत्र मोठ्या रुग्णालयांत असतं, तालुक्याला बहुधा नाही. जाणं जमत नसेल तर उदाहरणातल्या त्या बाईला सोडून न देता खुणा आवरा आणि वर्षाच्या आत फिब-४ पुन्हा काढा. तसाच राहिला किंवा चढला तर पाठवाच.

दुसरं काही नाही ना?

एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या, एकदा करून घ्याच. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या मोफत आहेत. थायरॉइड बघा. औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा: स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, अॅमिओडॅरोन, व्हॅल्प्रोएट यांनी चरबी साठते. वरच्या बाईला गुडघ्यासाठी कुणी डायक्लोफिनॅक देत असेल तर एसजीपीटी आणि बीपी दोन्ही त्यानेही वाढू शकतं. काढे, पुड्या, "लिव्हर टॉनिक" हेही विचारा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं; आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद बाजूला ठेवा, एसजीपीटी वर असताना काढा थांबवून महिन्याने रक्त पुन्हा तपासा. एसजीओटी किंवा एसजीपीटी तीनशेच्या वर असेल तर फॅटी लिव्हरवर बोट ठेवून गप्प बसू नका, दुसरं कारण शोधा.

कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच, किंवा दिवसा झोप आणि रात्री बडबड असं काही दिसलं तर सूत्रबित्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा.

रुग्णाला काय सांगायचं

"तेलकट खाऊ नका" एवढ्याने काही होत नाही. वजनाचा आकडा लिहून द्या. पाच टक्के घटलं की चरबी उतरते, सात ते दहा टक्क्यांत सूज, दहाच्या पुढे फायब्रोसिसही मागे हटू शकतं. ६८ किलोच्या बाईला हे आकडे साधारण साडेतीन, पाच आणि सात किलो. सहा महिने द्या. आठवड्याला अर्धा किलो पुरे. क्रॅश डाएटने पित्ताशयात खडे होतात.

पहिला घाव चहावर घाला. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. एवढी एकच गोष्ट महिनाभर पाळायला सांगितली तर पाळली जाते. मग तेल: माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत, किराण्याच्या यादीवरून हिशेब निघतो. उपासाचं वेगळं विचारा. "आठवड्यात दोन उपास करते" म्हणणाऱ्या मावशी त्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याच्या लाडवावर असतात. ताटात भात-पोळी अर्धी करून उसळ दुप्पट, हे बहुतेक घरांत जमतं. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय उचलण्याचे व्यायामही चालतात.

फॅटी लिव्हर दिसला म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बंद करू नका. या रुग्णाला हृदयासाठी स्टॅटिनचीच गरज जास्त आहे, आणि बळावलेलं सिरॉसिस सोडलं तर ते सुरक्षित आहे. मेटफॉर्मिन साखरेसाठी द्या, लिव्हरसाठी नको. लिव्हरसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या यूडीसीएच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालवण्यात हशील नाही. त्या पैशांत रुग्णाची वर्षाची तपासणी निघते.

फिब-४ १.३ च्या खाली असेल तर मधुमेह किंवा दोन किंवा त्याहून जास्त खुणा असलेल्याचा दर एक-दोन वर्षांनी, बाकीच्यांचा दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढा. केसपेपरवर "फॅटी लिव्हर ग्रेड २" लिहून पान उलटू नका. असं लिहा: कंबर ९१, खुणा ५/५, दारू ०, एचबीएसएजी व एचसीव्ही निगेटिव्ह, फिब-४ १.९५, फायब्रोस्कॅनला पाठवले, वजन ६८, लक्ष्य ६३. आणि त्या पानाचा फोटो रुग्णाच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये काढून द्या, कारण पुढच्या दवाखान्यात ती पिशवी पोचेलच असं नाही.